चीर कुठे आहे ते आधी सांगा
गळ आणि गाठ : वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात प्रश्नांबरोबर लाइनचे, म्हणजे मासेमारीच्या दोरीचे, तुकडेही आले. पाच पाकिटं होती. त्यांतला एक तुकडा अजून ओला होता आणि त्याच्यासोबतचं पत्र इस्त्री फिरवून वाचावं लागलं. नव्या वाचकांसाठी सांगतो, पोटापाण्यासाठी मी सव्वीस वर्षं विजेच्या केबलचं वेष्टन तपासायचं काम केलं आणि सुट्टीच्या दिवशी फ्लाय रॉड, म्हणजे फ्लाय (गळावर बांधलेली नकली माशी) फेकायची काठी, घेऊन पाण्यात उभा राहिलो. दोन्हीकडे हातात पीव्हीसीच. त्यामुळे लाइनचा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो. संपादकांना ते ठाऊक आहे, म्हणून त्यांनी पानं सोडून ठेवली आहेत.

प्रश्न : काका, गेल्या हंगामात पाच नंबरची फ्लोटिंग लाइन घेतली. फार तर तीस दिवस वापरली असेन. आता पुढचा दीड मीटर भाग पाण्यावर राहत नाही आणि बोटांतून ओढली की खरखर लागते. भिंगातून बारीक चिरा दिसतात. पण दोन्ही हातांनी ताणून पाहिली तर चांगली मजबूत आहे, तुटत नाही. मग ती खराब झाली म्हणायची की नाही? आणि माल बोगस होता का? तुकडा पाठवत आहे.

खराब झाली. फ्लाय लाइन सहसा तुटून संपत नाही, हे आधी डोक्यात बसवा. तिच्या आत गाभा असतो, म्हणजे विणलेल्या नायलॉनची बारीक दोरी किंवा एकच सलग तंतू. त्याच्यावर पीव्हीसीचा लेप. ओढ सोसायचं काम सगळं गाभ्याचं. ट्राउट माशासाठीच्या साध्या लाइनचा गाभासुद्धा नऊ-दहा किलोंपर्यंत दाद देत नाही, आणि तुमचा ५ एक्स जाडीचा टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक धागा, दोन-सव्वादोन किलोंवरच सुटतो. तुम्ही ताणून जे तपासलंत ते गाभ्याचं बळ. त्याला काही झालेलंच नव्हतं. लाइन लांब जाणं, रॉडवरच्या कड्यांतून सरकणं, पाण्यावर राहणं ही सगळी लेपाची कामं, आणि गेलाय तो लेप.

टोक का बुडतं तेही यातच आलं. नायलॉन आणि पीव्हीसी, दोन्ही पाण्यापेक्षा जड. लाइन तरंगावी म्हणून लेपात काचेचे पोकळ, डोळ्यांना न दिसणारे गोळे मिसळतात. टोकाकडे लाइन निमुळती होते, पण गाभा तेवढाच जाड राहतो, बारीक होतो तो लेप. म्हणजे तरंगवणारा माल तिथे आधीच कमी. त्यात चीर पडली की पाणी गाभ्याच्या विणीत शिरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पुढे चढत जातं. तुमचा तुकडा मी रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी वरून कोरडा पुसला, टिश्यू पेपरमध्ये घालून दुमडला आणि चिमटीत दाबला. कागदावर ओल्या ठिपक्यांची रांग उमटली, प्रत्येक चिरेमागे एक ठिपका. ही चाचणी घरी कोणालाही जमते, आणि 'थोडी खरखर आहे, चालेल अजून' असं ज्याला वाटतं त्याने ती जरूर करावी.

आता कारण. त्यासाठी मी दरवेळी एकच प्रश्न विचारतो, चीर कुठे आणि कशी? तुमच्या तुकड्यावरच्या चिरा आडव्या आहेत, अंगठीसारख्या गोल, एकमेकींपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर, आणि चारही बाजूंनी सारख्या. वाळूने किंवा खडकाने घासल्याचे ओरखडे बहुधा लांबीच्या दिशेने पडतात आणि एकाच अंगावर जास्त असतात. गाठीने कापलं असेल तर ते एका जागी. कड्यांनी खाल्लेला लेप आधी निस्तेज, खवलेदार होतो. सगळीकडून गोल-गोल चिरा म्हणजे लेप ताठ झाला आणि मग वाकवल्यावर फुटला. नखाने दाबूनही पाहिलं. चांगल्या लाइनवर नखाचा वण उमटतो आणि थोड्या वेळाने भरून येतो. तुमच्या तुकड्यावर वण उमटलाच नाही, कडेने एक बारीक टवका उडाला.

पीव्हीसी मुळात ताठच असतं. पाण्याचे नळ करतात ते हेच. लाइनसारखं मऊ हवं असेल तर त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य घालतात. लवचिक पीव्हीसीत ते वजनाच्या पाव भागापासून थेट निम्म्यापर्यंत असू शकतं. पण ते पीव्हीसीच्या रेणूंना रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, त्यांच्या मधल्या जागेत नुसतं बसलेलं असतं. त्याला निघून जायला फक्त निमित्त लागतं. ऊन, गरमी, पेट्रोल, कडक साबण, यांतलं कोणतंही पुरतं.

तुमच्या बाबतीतलं निमित्त मला तुमच्याच पत्राच्या मागच्या पानावर सापडलं. तिथे तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'डास इतके की दर अर्ध्या तासाने क्रीम लावावं लागायचं.' त्या ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. त्यात डीट असेल तर संशय घ्यायला जागा आहे. डीट डास पळवण्यात तरबेज आहे, पण ते अनेक प्लास्टिकांचं द्रावकही आहे. चश्म्याची फ्रेम, घड्याळाची काच यांवर त्याने डाग पाडलेले मी पाहिलेत. गंमत अशी की नायलॉनला आणि सुती कपड्याला ते काही करत नाही, त्यामुळे शर्ट शाबूत, गाभा शाबूत आणि लेपाचं वाटोळं. हाताला लागलेलं क्रीम तुम्ही लाइन आत ओढताना दर वेळी तिच्या अंगाला पुसलंत. हाताळली गेली सगळीच लाइन, पण फुटली आधी टोकाकडे, कारण तिथे लेप पातळ आणि हवेत उलटताना वळण सगळ्यात आवळ.

माल बोगस होता असं या तुकड्यावरून मला म्हणता येणार नाही. सगळा दोष क्रीमचा, असंही मी शपथेवर सांगणार नाही, कारण टोकच फुटण्याचं दुसरंही एक कारण असतं. मैदानात लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधला निमुळता धागा, न बांधता सराव करता का? मागे लाइन सरळ व्हायच्या आत पुढे झटका दिलात तर चाबकासारखा 'फट्' आवाज येतो. लीडर आणि टोकाला लोकरीचा तुकडा असला तर तो झटका त्यांच्यावर जातो, नसला तर लाइनच्या टोकावर. असा आवाज ऐकला असेल तर तोही हिशेबात धरा.

उपाय म्हणाल तर खराब दीड मीटर कापा आणि लीडर अडकवायला टोकाशी नवीन लूप (फास) करून घ्या. पुढचं निमुळतं टोक गेल्यामुळे फ्लाय जरा धपकन पडेल, पण लाइन चालेल. मात्र कापण्याआधी दहाव्या मीटरवर तीच नखाची चाचणी करा. तिथेही टवका उडाला तर कात्री लावण्यात अर्थ नाही. आणि इथून पुढे क्रीम हाताच्या पाठीला लावा, तळहात धुऊन टाका.

प्रश्न : एका लाइनच्या खोक्यावर 'दुप्पट टिकाऊ, प्रयोगशाळेत सिद्ध' असं छापलंय. कशाच्या दुप्पट? हे कोण मोजतं आणि कसं?

हा माझ्या जुन्या धंद्यातला प्रश्न, तेव्हा पाणी पिऊन बसा.

लाइनच्या वजनाचं माप ठरलेलं आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने नियम केला की टोकाकडचा एकसारख्या जाडीचा भाग सोडून पुढचे ३० फूट, म्हणजे ९.१४ मीटर, यांचं वजन करायचं आणि त्यावरून नंबर द्यायचा. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, सहा ग्रेन इकडे-तिकडे चालतात. ग्रॅममध्ये ते ९.०७ होतं. दशांश ग्रॅम दाखवणारा तराजू असेल तर तुम्ही घरीही मोजू शकता. टिकाऊपणाला मात्र असं सगळ्यांनी मान्य केलेलं माप नाही. प्रत्येक कारखान्याचं आपलं यंत्र आणि आपली पद्धत. तेव्हा 'दुप्पट' याचा अर्थ बहुधा त्यांच्याच यंत्रावर, त्यांच्याच जुन्या लाइनच्या किंवा त्यांनी निवडलेल्या दुसऱ्या एखाद्या लाइनच्या दुप्पट. ते खोटं असेलच असं नाही. पण त्यावरून तुमची लाइन दुप्पट हंगाम चालेल असा हिशेब करू नका.

वाकवण्याची चाचणी साधारण अशी असते. लाइनचा तुकडा रॉडवरच्या असतात तशाच कड्यांतून कोनात घेतात. एक टोक मागे-पुढे सरकणाऱ्या दांड्याला बांधतात, दुसऱ्याला वजन टांगतात. मोटर चालू केली की लाइन कड्यांवरून जा-ये करते आणि बाजूचा मोजणीचा काटा पुढे सरकतो. ठरावीक फेऱ्यांनंतर थांबवून भिंगाखाली पाहायचं. पहिली चीर कितव्या फेरीला दिसली आणि गाभा कितव्या फेरीला उघडा पडला, हे दोन आकडे लिहून ठेवायचे. सोपं वाटतं ना? आता यातलं एकेक बदलून बघा. वजन दुप्पट टांगा. कडीचा कोन आवळा. वेग वाढवा म्हणजे घर्षणाने लेप तापेल, आणि तापलेलं पीव्हीसी मऊ पडतं. कोरडी ठेवा, ओली ठेवा. कडी नवी कोरी घ्या किंवा थोडी झिजलेली घ्या. दर वेळी आकडा वेगळा येणार.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा केबलच्या एकाच ड्रममधून कापलेल्या दोन तुकड्यांचे घासण्याचे आकडे जवळजवळ दुप्पट-निम्मे आले. एका तुकड्याने उत्तम मार्क मिळवले, दुसरा नापास. आम्ही तीन दिवस कच्च्या मालाचे कागद चाळले. शेवटी चहा घेऊन आलेल्या मुलाने सांगितलं, 'साहेब, दुपारी या मशीनवर खिडकीतून ऊन पडतं.' सकाळचा तुकडा आणि दुपारचा तुकडा, एवढाच फरक होता. खिडकीला पडदा लावला आणि चौकशी बंद झाली. तेव्हापासून कोणी मला चाचणीचा आकडा दाखवला की मी आधी विचारतो, किती तुकडे तपासले आणि खोलीचं तापमान किती होतं?

दुसरं दुखणं असं की टिकाऊपणा हा एकच गुण नाही. घासण्याच्या चाचणीत लाइन खरखरीत कागद लावलेल्या दंडगोलावरून फिरवतात आणि गाभा दिसेपर्यंत मोजतात. तिथे कडक लेप जिंकतो. तोच कडक लेप वाकवण्याच्या चाचणीत लवकर फुटू शकतो. मऊ लेपाचं उलट. कारखान्याने खोक्यावर जी छापली ती चाचणी कोणती होती, हे खोकं सांगत नाही.

म्हातारपणाची चाचणी वेगळी. केबलच्या एका नेहमीच्या प्रकारच्या पीव्हीसी वेष्टनाला आम्ही ८० अंशांच्या भट्टीत १६८ तास, म्हणजे बरोबर सात दिवस ठेवायचो. आधी आणि नंतर ताणून बघायचं. ताकदीत आणि ताणण्यात फरक २० टक्क्यांच्या आत असला तर पास. जास्त फरक म्हणजे प्लास्टिसायझर उडाला. थंडीसाठी तुकडे उणे १५ अंशांवर गारठवून दांड्याभोवती गुंडाळायचे आणि चीर शोधायची. लाइनच्या लेपालाही उष्णता, अतिनील दिवे आणि थंडी यांतूनच तपासावं लागतं, कारण माल त्याच जातीचा. थंड पाण्यासाठीचा लेप मऊ ठेवतात, उष्ण प्रदेशासाठीचा कडक. अदलाबदल केली तर थंडीत कडक लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी होते आणि उन्हात मऊ लाइन कड्यांना चिकटायला लागते.

आता यंत्र सोडा, तुमच्या हाताचा हिशेब करू. एका संध्याकाळी मी खिशात मोजणीचा काटा ठेवून तीन तासांत किती फेकी होतात ते मोजलं. २७० झाल्या. प्रत्येक फेकीआधी पाण्यावर न टाकता हवेतच मागे-पुढे केलेल्या तीन-चार फेकी धरल्या तर लाइन साधारण आठ वेळा उलटते. हंगामाचे तीस दिवस धरा. ६४,८०० वळणं झाली. एक मिलिमीटर जाडीची लाइन पाच मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावरून गेली तर तिची बाहेरची बाजू नऊ टक्के ताणते. नव्या लेपाला हे काहीच नाही, तो दामदुपटीने ताणला तरी फाटत नाही. पण जिथे आवळलेल्या गाठीच्या तोंडाशी किंवा लूपच्या खाचेशी वळणाची त्रिज्या एक मिलिमीटरवर येते, तिथे तोच आकडा ३३ टक्के होतो, आणि तोही दर फेकीला. लूपच्या मागेच पहिली चीर का दिसते याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही.

यंत्राला एक गोष्ट जमत नाही. बुटाखाली आलेली लाइन, तिच्यात रुतलेला वाळूचा कण, मग तासभर ऊन, मग क्रीमचा हात, आणि त्यानंतर फेक, हे सगळं त्याच क्रमाने करणं. यंत्र एका वेळी एकच छळ करतं.

प्रश्न : सर, मी दोन वर्षांपासून शिकतोय. माझी वेट-फॉरवर्ड (पुढे जड, मागे बारीक) लाइन टोकाला अगदी ठणठणीत आहे, पण बाराव्या मीटरच्या आसपास, जाड भाग संपून बारीक लाइन सुरू होते तिथे, लेप तुटून पांढरा गाभा दिसतोय. असं दुसऱ्यांदा झालं.

दुसऱ्यांदा त्याच जागी झालं म्हणजे दोष लाइनपेक्षा सवयीचा. तुम्ही हवेत लाइन जास्त बाहेर ठेवता. हेड म्हणजे जाड, जड भाग रॉडच्या टोकातून पूर्ण बाहेर गेला आणि त्याच्यामागे दोन-तीन मीटर बारीक रनिंग लाइनही बाहेर लोंबकळली, की मागचा बारीक दोर पुढच्या जड भागाला ढकलू शकत नाही. जोडावर बिजागरीसारखा मोडतो. दर फेकीला त्याच एका इंचावर. वर हाताने लाइन झटक्याने ओढायची सवय लावून घेतली असेल, तर ती ओढही तिथेच बसते.

जिथे हेड संपतं तिथे पक्क्या शाईच्या पेनाने दोन सेंटिमीटर खूण करा. ती खूण टोकाच्या कडीबाहेर हातभर गेली की सोडून द्या, आणखी हवेत फिरवू नका. अंतर कमी पडतंय असं वाटेल. चार दिवसांनी वाटणार नाही.

आणि एकदा टोकाच्या कडीतून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर कडीत खाच आहे. आतल्या चिनी मातीसारख्या वळ्याला केसाएवढा तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, कापसाला सापडतो. पोलादी कडी असेल तर आतल्या अंगाला चकाकी गेलेली घळ शोधा. वाळूत गारगोटीचे कण असतात आणि ते साध्या पोलादापेक्षा कठीण. वरचा क्रोमचा मुलामा गेला की ओली वाळू लागलेली लाइन कडी कापते, आणि मग कापलेली कडी लाइन कापते. तशी कडी असेल तर नवी लाइन घालण्याआधी कडी बदला.

प्रश्न : लाइन कशाने धुवावी? कोणी भांड्याचा साबण सांगतं, कोणी नुसतं पाणी.

कोमट पाणी आणि अंगाच्या सौम्य साबणाचे दोन थेंब. दहा मिनिटं भिजवा, मऊ कापडाच्या चिमटीतून दोनदा ओढा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. कापडावर जो करडा-हिरवा पट्टा उमटेल ते शेवाळ आणि गाळ. तो लाइन जड करतो आणि कड्यांशी पॉलिश पेपरसारखा वागतो. तेलकट भांडी काढणारा साबण नको. तो तेल काढायलाच बनवलेला असतो, आणि लेपातलं तेल आपल्याला ठेवायचंय. घसरण वाढवणारं द्रव्य लावायचं तर धुतल्यावर, थोडं, आणि जादा पुसून टाकून.

पॉलियुरेथेनच्या लेपाची लाइन असेल तर तिला मऊ ठेवायला सहसा प्लास्टिसायझर लागत नाही, त्यामुळे ते उडून ताठ होण्याचं भय कमी. धुणं मात्र तसंच. डीटपासून तिलाही लांबच ठेवा.

धुण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ठेवणं. मी स्वतः एका उन्हाळ्यात गाडीच्या पुढच्या काचेखाली रीळ विसरलो. आठवडाभराने लाइन काढली तर रिळाच्या आकाराची वेटोळी तशीच राहिली, आणि काचेकडच्या बाजूचे वेढे एकमेकांना चिकटलेले. सात दिवसांच्या भट्टीची चाचणी मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर केली, त्या वेळी स्वतःच्या मालावर झाली. पास झाली नाही.

प्रश्न : मागे तुम्ही या सदरात लिहिलं होतं की लाइन रिळावर उलटी करून लावली की आयुष्य दुप्पट होतं. मी तसं केलं. आता फेक दहा मीटरही जात नाही. हा सल्ला तपासून दिला होता का?

तपासून दिला होता, पण अर्धवट लिहिला. चूक माझी. उलटायची ती फक्त डबल-टेपर लाइन, जी दोन्ही टोकांना सारखी निमुळती असते. पुढचं अंग झिजलं की मागचं पुढे आणायचं. तुमची बहुधा वेट-फॉरवर्ड. तिचं सगळं वजन एकाच टोकाला असतं. ती उलटली म्हणजे तुम्ही बारीक शेपटीने फेकताय आणि जड डोकं रिळात आहे. परत उलटा. तुमच्या पत्रातली भाषा जरा तिखट होती, पण दोन संध्याकाळी फुकट गेल्यावर मीही तशीच लिहिली असती.

प्रश्न : जुन्या पेटीत रेशमी लाइनचं खोकं सापडलं. वर 'एच-डी-एच' अशी अक्षरं आहेत. लाइन पिवळट, जरा चिकट आहे. ती कसली, आणि वापरता येईल का?

असं पत्र आलं की दिवस चांगला जातो. ती विणलेल्या रेशमाची, जवसाच्या तेलाचे हात दिलेली लाइन. प्लॅस्टिकच्या लेपाच्या लाइनी १९५०च्या दशकात आल्या, त्याआधी असल्याच लाइनींचं राज्य होतं. अक्षरं जाडीची आहेत. एच म्हणजे ०.०२५ इंच, डी म्हणजे ०.०४५ इंच. दोन्ही टोकं बारीक आणि मध्य जाड, म्हणून एच-डी-एच. सगळ्या लाइनी रेशमाच्या होत्या तोवर जाडी सांगितली की वजन कळायचं. प्लॅस्टिक आल्यावर तेवढ्याच जाडीच्या लाइनी वेगवेगळ्या वजनाच्या निघायला लागल्या, आणि म्हणून तो १९६१ चा वजनाचा नियम करावा लागला. तुमची लाइन आजच्या सहा नंबरच्या जवळपास बसेल.

चिकटपणा जुन्या तेलाचा, तो भिववत नाही. पुसून, सावलीत सैल वेटोळ्यात ठेवून आणि पुन्हा हलका तेलाचा हात देऊन तो बराच आटोक्यात येतो. भीती आतल्या रेशमाची. ओलसर पेटीत ते कुजतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. इथे मात्र ताणूनच तपासायचं, कारण रेशमी लाइनमध्ये वेगळा गाभा नाही, जे दिसतं तेच भार घेतं. टांगायच्या वजनकाट्याला टोक बांधा आणि मीटर-मीटरने हात बदलत दर ठिकाणी तीन किलोंपर्यंत सावकाश ओढा. झटका नको. एखाद्या ठिकाणी विणीतून भुगा निघाला किंवा सुटली, तर तिथून कापा आणि उरलेलीला तीच परीक्षा द्या. पास झाली तर वापरा. पण दर वेळी आधी ग्रीस चोळायचं, कारण रेशीम आपणहून तरंगत नाही, आणि घरी आल्यावर रिळावरून काढून वाळवायची. आळशी माणसाचं काम नाही. ज्यांनी हे नेमाने केलं त्यांच्या रेशमी लाइनी कित्येक दशकं चालल्या आहेत, आणि पहिल्या पत्रातली पीव्हीसीची तीस दिवसांत गेली.

प्रश्न : खडकात अडकलेली फ्लाय सोडवताना लाइन हाताला गुंडाळून ओढतो. त्याने काही बिघडतं का? आणि निकामी लाइनचं काय करावं?

बिघडतं. हात कापेल हे एक. दुसरं म्हणजे आतला नायलॉनचा गाभा लांबतो, लेप बोटांच्या कडांवर चेपतो आणि गाभ्यापासून सुटतो. सुटलेल्या जागी लाइन चिमटीत फिरवली तर आत काहीतरी सरकल्यासारखं लागतं. तिथे चीर यायची फक्त वेळ राहते. रॉड बाजूला धरा, शक्य असेल तर लीडरपर्यंत पोचा आणि लीडर काठीला गुंडाळून सरळ रेषेत ओढा. तुटेल तो टिपेट.

निकामी लाइन काठावर टाकू नका, पीव्हीसी कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायात अडकते. चांगले उरलेले तुकडे गाठींच्या सरावाला ठेवा. आणि मला पाठवणार असाल तर चीर पडलेला भाग मधोमध येईल असा हातभर तुकडा कापा, टोकाकडच्या बाजूला लाल दोरा बांधा, टोकापासून किती मीटरवरचा आहे ते चिठ्ठीवर लिहा. वाळवून पाठवा.